भाताच्या खाचरातले उंदीर: सापळा कुठे, कधी आणि किती

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात दोन एकर भात, लावणी होऊन तीन आठवडे झालेत. फुटवे कापलेले दिसायला लागले म्हणून दहा चाप (खटक्याचे सापळे) आणले आणि बांधावर ठेवले. पहिल्या रात्री दोन उंदीर सापडले, पुढचे आठ दिवस एकही नाही. आमिष तांदळाचे आणि बिस्किटाचे. कापणे मात्र थांबलेले नाही. चाप बदलावा की आमिष?

दोन्ही नंतर. आधी जागा बदला आणि संख्या वाढवा. चाप उंदराला लांबून ओढून आणत नाही. उंदीर रोज ज्या वाटेने जातो त्या वाटेतच चाप असावा लागतो, आणि वाट जिथे अरुंद होते तिथे असला तर उत्तम. वाटेपासून हातभर बाजूला ठेवलेला चाप रात्रभर तसाच राहतो, मग त्यावर काहीही लावा.

पहिली खात्री ही करा की कापणारा उंदीरच आहे. उंदीर फुटवा तिरका कापतो, कलम केल्यासारखा, पाण्याच्या किंवा जमिनीच्या थोडा वर. कापलेले तुकडे तिथेच पडलेले असतात, कारण त्याला आतला कोवळा गाभा हवा असतो. मुठे (खेकडे) रोप बुडातून तोडतात, काप वेडावाकडा असतो आणि ते बहुतेक लावणीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत, पाणी साचलेल्या कोपऱ्यात. खोडकिड्याने वाळलेला पोंगा ओढला की अलगद निघतो आणि खाली कुरतडलेला दिसतो. उंदराच्या बाबतीत ओढायला काही उरलेलेच नसते. आणखी एक खूण म्हणजे नुकसान कुठे आहे. उंदीर बहुतेक वेळा बांधालगतच्या दोन-चार ओळी तशाच ठेवतो आणि आत शिरून मधोमध कापतो. कडेचे भात त्याला आडोसा देते. म्हणून बांधावरून चालणाऱ्याला आठ-दहा दिवस काही कळत नाही आणि कळते तेव्हा खाचराच्या मध्यावर टक्कल पडलेले असते. याचा दुसरा अर्थ असा की नुकसान जिथे दिसते तिथे चाप ठेवायचा नाही. तिथे पाणी आहे, चिखल आहे, चाप बुडतो. उंदीर राहतो बांधात. त्याला गाठायचे ते बांधावरच.

कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या भातात मुख्य गुन्हेगार म्हणजे लहान घूस, शास्त्रीय नाव बॅन्डिकोटा बेंगालेन्सिस. पूर्ण वाढीची पाव किलोच्या आसपास भरते, पोहते चांगली, उकरण्यात तिचा हात कोणी धरत नाही, चढण्यात मात्र कच्ची. बिळात लोंब्यांचा साठा करते. तयार पिकाच्या वेळी एकेका बिळातून किलोने भात निघते. कातकरी मंडळी काढणीनंतर बिळे खणतात ती उंदरासाठीही आणि या साठ्यासाठीही, आणि बीळ पाहून आत कोण आहे, मादी आहे की नाही, मागचे दार कुठे आहे हे ते जितके अचूक सांगतात तितके पुस्तक वाचून येत नाही. गावात असा जाणता माणूस असेल तर पहिल्या दिवशी त्याला बांधावरून फिरवा, मजुरी द्या, अर्धे काम तिथेच होते. घुशीखेरीज मऊ केसांचा शेतउंदीर (मिलार्डिया मेल्टाडा) आणि अगदी छोटा, दहा-बारा ग्रॅमचा शेतातला उंदीर (मस बुडुगा) हेही असतात. छोट्यासाठी घुशीचा चाप बसतच नाही, कारण त्याच्या वजनाने खटका सुटत नाही. आमिष रोज गायब आणि चाप तसाच ताणलेला, असे दिसले तर एक तर हा छोटा आहे किंवा मुंग्या.

बिळांबाबत बहुतेकांची चूक होते ती इथे. सगळीकडे सल्ला असा दिला जातो की संध्याकाळी बिळांची तोंडे मातीने बंद करा, सकाळी जी उघडी दिसतील ती चालू. बाकीच्या उंदरांना हे लागू पडते. लहान घूस मात्र आपले दार आतून स्वतःच बंद करते. म्हणजे उघडे, कोरडे, कडेला जाळे धरलेले भोक बहुधा सोडून दिलेले असते, आणि भोक दिसतच नाही, फक्त ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग आहे, तिथे ती आत आहे. या ढिगाला आपण उकीर म्हणतो. ताजा उकीर ओलसर, गडद आणि दाणेदार. जुना पावसाने चोपून बसलेला. संध्याकाळी सगळे उकीर पायाने किंवा फावड्याने सपाट करा. सकाळी ज्यांची माती पुन्हा वर आली तेवढीच बिळे मोजा, शेजारी बांबूची काडी रोवा. दोन एकरात पन्नास भोके दिसतात आणि चालू बिळे आठ-दहा निघतात. या आठ-दहांच्या आसपास तुमचे सगळे चाप लागणार आहेत, पन्नासांच्या नाही.

बीळ सापडले म्हणून चाप बिळाच्या तोंडावर ठेवायचा नाही. घूस बाहेर येताना आधी माती ढकलते. मातीने चाप सुटतो किंवा गाडला जातो, आणि ती शेजारून दुसरे तोंड काढते. तोंडापासून साधारण एक फूट पुढे, वाट सुरू होते तिथे ठेवा. वाट ओळखायला सोपी असते. गवत दोन्ही बाजूंना दबलेले, मध्ये चार-पाच बोटे रुंदीची गुळगुळीत पट्टी, मधूनमधून लेंड्या आणि कुरतडलेली काडे. शंका असेल तर वाटेवर हातभर जागेत चिखल सारवून गुळगुळीत करा. सकाळी पावलांचे ठसे नसतील तर ती वाट तुमच्या उपयोगाची नाही, भले ती कितीही छान दिसो. बिळाखेरीज ज्या जागा कामाच्या आहेत त्या अशा: बांधावरून खाचरात उतरण्याची घसरण, जिथे चिखल गुळगुळीत झालेला असतो, दोन बांध एकमेकांना मिळतात तो कोपरा, कारण तिथे दोन-तीन वाटा एक होतात, पाणी सोडायच्या तोंडाशेजारचा कोरडा काठ, आणि जांभ्या दगडाच्या गडग्याचा पायथा. गडग्यातले उंदीर तर शोधावेही लागत नाहीत, पायथ्याला लागूनच त्यांची वाट असते, कारण उघड्यावर जायचे ते टाळतात.

आता चाप ठेवायची रीत. घुशीसाठी मोठा चाप हवा, लाकडी पट्टी साधारण वीतभर लांब. घरातला उंदरांचा छोटा चाप तिच्या पाठीवर बसतो आणि ती तो घेऊन पळते. चाप वाटेला आडवा, म्हणजे वाटेशी काटकोनात ठेवायचा आणि आमिषाची पट्टी वाटेच्या मध्यावर यायला हवी. वाट गडग्याला लागून असेल तर पट्टीची बाजू दगडाकडे. वाटेच्या दिशेने लांबट ठेवायचाच असेल तर एक नाही, दोन ठेवा, पाठीला पाठ लावून, पट्ट्या दोन्हीकडे बाहेर. उंदीर कुठून येईल ते आपल्याला माहीत नसते, आणि मागच्या बाजूने चढलेला उंदीर दांडा उचलल्यामुळे फेकला जातो, मरत नाही. तो उंदीर पुन्हा चापाजवळ येत नाही. तुमच्या आठ कोऱ्या रात्रींमागे असे चुकलेले एक-दोन नक्की असतील.

बांध उतरता आणि ओला असतो, म्हणून चापासाठी कुदळीने चापाएवढी सपाट पायरी कापा, पाण्याच्या पातळीपेक्षा किमान चार बोटे वर. चाप हलता कामा नये. चारी कोपरे टेकले आहेत का ते बोटाने दाबून पाहा. डुगडुगणाऱ्या चापावर उंदीर पाय ठेवून मागे घेतो. मग जस्ती तारेने, दोन फूट लांबीच्या, चाप बांबूच्या खुंटीला बांधा. न बांधलेले चाप हरवतात: अर्धवट अडकलेली घूस ओढत नेते, नाहीतर सापडलेला उंदीर चापासकट कुत्रा किंवा कोल्हा उचलतो. हरवलेला चाप म्हणजे फक्त पैशाचे नुकसान नाही. बेणणीला बायामाणसे अनवाणी खाचरात उतरतात, हात चिखलात घालतात. म्हणून प्रत्येक चापाला क्रमांक, खुंटीवर रंगीत चिंधी, आणि संध्याकाळी जितके लावले तितके सकाळी मोजून उचललेच पाहिजेत. त्यात सूट नाही.

चापावर आडोसा करा. पोफळीची विरी (झावळीचा रुंद बुडखा) मधोमध वाकवून बोगद्यासारखी ठेवली की पुरते. फुटक्या मडक्याचा अर्धा तुकडा, नळीचे कौल, केळीचे सोपट, काहीही चालते. त्याचे तीन फायदे आहेत. पावसाचे टपोरे थेंब पट्टीवर पडून चाप सुटत नाही, उंदराला झाकलेल्या जागेत शिरायला आवडते, आणि पक्षी वाचतात. दोन्ही तोंडे उघडी हवीत, उंदराला पलीकडचे दिसायला हवे. एका बाजूने बंद असलेल्या भोकात तो चटकन शिरत नाही.

संख्या. दोन एकराला दहा चाप म्हणजे काहीच नाही. एकरी वीस धरा, एकूण चाळीस. ते सगळीकडे सारखे पसरायचे नाहीत. चालू बिळांच्या आणि वाटांच्या पट्ट्यात दर चार-पाच मीटरला एक, आणि उरलेले कोपऱ्यांवर व गडग्याला. चाळीस चाप तीन रात्री हे दहा चाप बारा रात्रींपेक्षा केव्हाही चांगले, जरी गुणाकार एकच आला तरी. कारण थोड्या चापांत दोन-चार सापडतात आणि बाकीच्यांना शिकायला वेळ मिळतो. शिवाय मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेतात सहा-आठ पिल्ले. रमतगमत पकडत बसलात तर पकडीपेक्षा भर जास्त पडते. चाळीस चाप विकत घ्यायचे नसतील तर शेजारच्या चार जणांनी मिळून घ्या. तसेही एकट्याने करून उपयोग नाही. बांध सामाईक आहेत, तुमचे रिकामे झालेले बीळ दोन-तीन आठवड्यांत पलीकडची घूस ताब्यात घेते. वाडीतल्या सलग खाचरांवर एकाच आठवड्यात लावा.

आमिषाचा प्रश्न खरे तर लहान आहे, फक्त एक नियम पाळा: आजूबाजूला भरपूर जे आहे ते आमिष म्हणून चालत नाही. भाताच्या शेतात तांदूळ ठेवणे म्हणजे समुद्रावर जाऊन मीठ विकण्यासारखे. भाजलेले सुके खोबरे, तळलेली भजी, भाजलेला पापड, सुकट किंवा बोंबलाचा तुकडा, शेंगदाण्याच्या कुटात थोडे तेल घालून केलेली गोळी, यातले काहीही घ्या. बिस्किटाचा पावसात लगदा होतो. सुकटीचा वास लांब जातो, पण पाण्याजवळ ती ठेवली की मुठे येऊन चाप सोडवतात आणि चिचुंद्री अडकते. चिचुंद्री उंदीर नाही, ती किडे खाते, तिला मारून तुमचे नुकसानच आहे. म्हणून खालच्या पायऱ्यांवर खोबरे, गडग्यावर हवे तर सुकट. तुकडा हरभऱ्याएवढाच, मोठा नको. मोठा तुकडा लांबूनच ओढून नेता येतो. तो पट्टीला दोऱ्याचे दोन वेढे देऊन बांधा, म्हणजे उंदराला ओढावे लागेल. आमिष दिवस मावळताना लावा. दुपारी लावलेले अंधार पडेपर्यंत मुंग्यांनी नेलेले असते.

पहिल्या दोन रात्री चाप न ताणता फक्त आमिष लावून ठेवा. वस्तू नवी असली की काही जातींचे उंदीर, विशेषतः घरातले, दोन-चार दिवस लांब राहतात. घूस तितकी बुजरी नसते, पण या दोन रात्रींचा मोठा फायदा वेगळाच आहे: कोणत्या चापावरचे आमिष खाल्ले जाते ते कळते. जिथले दोन्ही रात्री शाबूत, तिथला चाप उचला आणि खाल्लेल्या जागेजवळ जोडीने ठेवा. तिसऱ्या रात्री सगळे एकदम ताणा. तीन, फार तर चार रात्री. त्यानंतर पकड घटते. घटली की उचला आणि दहा-पंधरा मीटर पुढे, दुसऱ्या पट्ट्यात लावा. त्याच जागी महिनाभर चाप ठेवून देणे ही सगळ्यात रूढ आणि सगळ्यात निरुपयोगी सवय आहे.

माणसाचा वास लागतो म्हणून चाप राखेने घासा, पाल्याने चोळा, असे सांगणारे भेटतील. माणसाच्या वासात तर हे उंदीर रोज वावरतात. चापाला आधीच्या उंदराचा वास असला तर बिघडत नाही, उलट दुसरे हुंगायला येतात. फिनेल, साबण, डिझेल यांनी मात्र चाप धुऊ नका. चिकटलेली घाण साध्या पाण्याने आणि जुन्या ब्रशने काढा, हातमोजे घालून.

हातमोज्यांवर जरा थांबतो, कारण इथे हलगर्जीपणा जिवावर बेततो. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे) जंतू उंदराच्या लघवीतून पाण्यात आणि चिखलात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमेतून शरीरात जातात. सिंधुदुर्ग आणि आजूबाजूच्या भागाला हा आजार चांगला ठाऊक आहे. मेलेला उंदीर उघड्या हाताने, शेपटीला धरूनही, उचलू नका. रबरी हातमोजे किंवा चिमटा, पायात गमबूट, हातापायावर जखम असेल तर त्या दिवशी काम दुसऱ्याकडे. उंदीर दोन फूट खोल पुरा, विहिरीपासून आणि पाणवठ्यापासून लांब. बांधावर फेकू नका. आठ-पंधरा दिवसांत ताप, पोटऱ्यांत जबर दुखणे, डोळे लाल असे काही झाले तर डॉक्टरला शेतातल्या कामाचे आणि उंदरांचे आवर्जून सांगा.

सकाळी उजाडता उजाडता फेरी. उंदीर रात्रीचा प्राणी आहे. दिवसा ताणलेला चाप फक्त भारद्वाज, पाणकोंबडी, मुंगूस, खार यांच्यासाठी असतो. सगळे चाप पहाटे सोडवा, संध्याकाळी पुन्हा ताणा. कटकट वाटते, पण मुंगूस आणि घुबड ही तुमची फुकटची राखण आहे. त्याच कारणासाठी खाचरात इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या आडव्या काठ्या रोवा, रात्री घुबड बसते. पोटरीनंतर (लोंबी बाहेर पडण्याआधी खोड फुगते ती अवस्था) दाणे खाणारे पक्षी बसू लागले तर काढून घ्या. फेरीला जाताना बॅटरी आणि काठी असू द्या. उंदरांच्या बिळात नाग, धामण असणे अगदी नेहमीचे आहे, विरी उचलताना आधी काठीने उचला.

फेरीत वही ठेवा. क्रमांक, सापडला की नाही, आमिष गेले का, चाप रिकामा सुटला का. शंभर चाप-रात्रींमागे किती उंदीर, हा आकडा काढा. चाळीस चाप तीन रात्री म्हणजे एकशेवीस चाप-रात्री. समजा अठरा उंदीर आले आणि वीस चाप रिकामे सुटले. रिकामा सुटलेला चाप अर्धी रात्रच कामाला होता असे धरून दहा वजा करायचे, राहिले एकशेदहा. अठरा भागिले एकशेदहा गुणिले शंभर, म्हणजे साधारण सोळा. तीन आठवड्यांनी पुन्हा लावल्यावर हाच आकडा चार-पाचावर आला तर तुम्ही जिंकताय. तसाच राहिला तर बाहेरून येत आहेत, मग शेजाऱ्यांचे बांध पाहा. रिकामे सुटलेले फार असतील तर दोष मुठ्यांचा, पावसाचा किंवा खटका फार नाजूक लावल्याचा. आमिष गेले आणि चाप ताणलेलाच, तर खटका जड आहे. लाकूड पावसाने फुगले की असे होते. पावसाआधी पट्टीला जवसाच्या तेलाचे किंवा ऑईलपेंटचे दोन हात द्या. मुसळधार पावसाच्या रात्री लावूच नका, श्रम वाया जातात.

वेळेचे म्हणाल तर तुमच्याकडे अजून आहे, पण फार नाही. पीक पोटरीत आले आणि निसवू लागले की उंदराला घरबसल्या मेजवानी असते, आमिषाकडे तो पाहत नाही, आणि त्याच सुमारास वीणही जोरात सुरू होते. चापाचे खरे दिवस दोन. एक, तरवा (भाताच्या रोपांचा वाफा) टाकण्याआधी, मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला, जेव्हा रानात खायला कमी आणि उंदीर मोजके असतात. तेव्हा एक मादी मारणे हे सप्टेंबरात दहा मारण्यासारखे आहे. दुसरा, लावणीपासून पोटरीपर्यंतचा, म्हणजे तुमचा आत्ताचा. खाचरात पाणी भरलेले असताना कोरडी जागा फक्त बांध असतो, सगळे उंदीर त्या अरुंद पट्टीवर गोळा झालेले असतात. याहून सोयीची वेळ वर्षात नाही. गणपतीच्या आत दोन फेऱ्या पूर्ण करा.

दुसऱ्या प्रकारच्या सापळ्यांबद्दल. कावेरीच्या खोऱ्यात तंजावूरकडे बांबूचा धनुष्यासारखा सापळा वापरतात, त्याला किट्टी म्हणतात: कामटी ताणलेली, आमिष ओढले की मानेवर आवळते. हलका, स्वस्त, चिखलात गंजत नाही. पण बांधणारा हात तयार लागतो. एकाच वेळी अनेक उंदीर पकडणारा जाळीचा पिंजरा, ज्याला दुकानात वंडर ट्रॅप म्हणतात, तो बांधावर फारसा चालत नाही. तो खळ्यावर, उडवीजवळ (कापलेल्या भाताच्या रचलेल्या ढिगाजवळ), गोठ्यात ठेवा. भिंतीला चिकटवून, प्रवेशाचे तोंड भिंतीच्या दिशेने समांतर, वर गोणपाट. आत शिरलेला एक उंदीर बाकीच्यांना ओढतो. सकाळी आठच्या आत तो रिकामा व्हायला हवा, उन्हात तडफडत ठेवू नका; आणि पिंजऱ्यासकट पाण्यात बुडवण्याची जी पद्धत आहे तीही सोडा, घूस पोहणारी आहे, मरायला वेळ लागतो. गोणीत घेऊन डोक्यावर एकच जोरदार घाव, झटपट संपते. गोंदपट्टी शेतात आणूच नये: धुळीने आणि ओलीने ती निकामी होते, आणि अडकतात त्या पाली, सरडे, लहान साप.

तरव्यासाठी मात्र एक रचना खर्च करण्यासारखी आहे. मलेशियात 1980 च्या दशकात भातासाठी ती पुढे आली आणि नंतर आग्नेय आशियात बरीच वापरली गेली: प्लास्टिकची कुंपणपट्टी आणि तिच्यात बसवलेले पिंजरे. मूळ पद्धतीत साधारण वीस मीटर चौरसाचा तुकडा बाकीच्यांपेक्षा दोन-तीन आठवडे आधी लावतात, त्याभोवती कुंपण करतात. आधी पिकणारे हे भात उंदरांना आसपासच्या दहा-पंधरा हेक्टरांतून ओढते. आपल्याकडे तुकडे लहान, सगळ्यांची लावणी एकदमच, म्हणून पूर्ण पद्धत क्वचित जमते. पण तरव्याभोवती दोन फूट उंचीचा जाड प्लास्टिकचा पडदा, खालची कड चिखलात पाच-सहा बोटे गाडलेली, दर चार फुटांवर बांबू, आणि प्रत्येक बाजूला एक छिद्र, आतून त्या छिद्राला चिकटवलेला पिंजरा, एवढे कोणालाही जमते. छिद्रापर्यंत चढायला बाहेरून चिखलाचा छोटा उतार करा. पडद्याला लागून गवत वाढू देऊ नका, नाहीतर उंदीर त्यावरून चढतो. रोज सकाळी छिद्रे तपासा; एक फाटलेली जागा राहिली तर पिंजऱ्यात कोणी शिरणार नाही.

विषाचा विचार असेल तर चाप आणि झिंक फॉस्फाईड एकाच आठवड्यात नको. विषाने अर्धवट आजारी पडलेला उंदीर त्या आमिषाचा धसका घेतो आणि मग तेच खोबरे, तेच तेल चापावर दिसले तरी टाळतो. शिवाय विषारी उंदीर घुबडाच्या पोटात जातो.

एक गोष्ट ठामपणे. हे सगळे उंदरांपुरते आहे. डुक्कर, साळिंदर, ससा यांच्यासाठी वाटेवर तारेची फासकी लावणे, जबड्याचा सापळा लावणे हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीतच मोडते, फक्त लावून ठेवले तरी. आणि डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकण्याच्या बातम्या कोकणात आणि गोव्यात नव्या नाहीत. बांधावर विजेची तार सोडणे तर उंदरांसाठीही नाही: ओल्या बांधावर पहिला बळी शेजाऱ्याचा किंवा तुमच्याच गुराचा जातो. डुकरांचा त्रास असेल तर पंचनामा आणि भरपाईसाठी वनविभागाकडे अर्ज, तो विषय वेगळा.

बांध स्वतः कसे आहेत तेही पाहा, कारण चाप कितीही लावले तरी दोन-अडीच फूट रुंदीचा, गवताने भरलेला बांध म्हणजे उंदरांसाठी बांधून दिलेली चाळ. फूटभर रुंदीच्या बांधात घुशीला बीळ धरवत नाही, ती आरपार निघते. सगळे बांध बारीक करता येणार नाहीत, चालायला वाट लागतेच. पण मधले छोटे बांध उन्हाळ्यात तासून फूटभरावर आणा, गवत बुडातून कापत राहा. कापलेले गवत बांधावरच टाकू नका. चापांच्या शेवटच्या रात्रीनंतर जी बिळे चालूच राहतील त्यांत बहुधा पिल्लांची मादी असते, ती फार लांब जात नाही. ती खणून काढावी लागते. आधी मागचे दार शोधून दगडाने बंद करा, मग पुढून खणा, आणि संध्याकाळपर्यंत बांध चोपून परत बांधा, नाहीतर रात्रीत पाणी जाईल.

कापणी झाली की उंदीर बांध सोडून उडवीकडे आणि घराकडे सरकतात, कुळीथ-वाल पेरला असेल तर काही तिथे थांबतात. उडवी जमिनीवर रचू नका, दगडांवर फळ्या टाकून फूट-दीड फूट वर घ्या. चाप खाली, पायांच्या आतल्या बाजूला. या दिवसांत आकाश मोकळे असते, त्यामुळे अंधाऱ्या पंधरवड्यात लावलेले चाप जास्त देतात. चांदण्यात उंदीर उघड्यावर कमी फिरतो. मळणी संपली की चाप धुऊन, दोन दिवस सावलीत वाळवून, स्प्रिंगला खोबरेलाचा हात फिरवा आणि न ताणता खुंटीला टांगा. ताणून ठेवलेली स्प्रिंग पुढच्या मे महिन्यात सैल निघते.